खोडीसकट नक्कल
(भंडारा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या विज्ञानशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना भाषणापेक्षा स्क्रू-ड्रायव्हर प्रिय होता, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्या भरवशावरच मी हा विषय घेतला. एरवी या व्यासपीठावर संतसाहित्य येतं, झाडीपट्टीची दंडार येते, गोसीखुर्दचं पाणी येतं. आज पत्र्याचं एक पांढरट, उन्हानं पिवळं पडलेलं कॅबिनेट आलं आहे. नव्वदच्या दशकात तुमसरच्या राइस मिलच्या ऑफिसात, साकोलीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये, पवनीच्या झेरॉक्सच्या दुकानात जो असेंबल्ड कॉम्प्युटर बसला, त्याच्या पोटातल्या खोडींबद्दल मी बोलणार आहे.

असेंबल्ड म्हणजे कंपनीचा नव्हे. मदरबोर्ड तैवानचा, हार्ड डिस्क सिंगापूरची, कॅबिनेट दिल्लीचं. सगळा माल नागपूरला सीताबर्डीवर गोळा व्हायचा आणि एस.टी.नं भंडाऱ्याला यायचा. कंपनीवाले या मशीनला नाक मुरडत. पण यात नक्कल कशाची होती, हे नाक मुरडणाऱ्यांनी फारसं विचारलं नाही.

नक्कल होती आयबीएमच्या पीसीची. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. तो घाईत, सुमारे वर्षभरात तयार केला होता आणि त्यासाठी बाजारात मिळणारेच सुटे भाग घेतले होते. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची डॉस. आयबीएमची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट आत होती, ती म्हणजे मशीन सुरू करणारा बायोस हा छोटा प्रोग्रॅम. त्याचा सगळा कोडसुद्धा कंपनीनं आपल्या तांत्रिक पुस्तकात छापून टाकला होता. वाचायला मोकळा, पण उतरवून घेतला की कॉपीराइटचा खटला. मग कॉम्पॅक आणि फिनिक्स या कंपन्यांनी वेगळी वाट काढली. एका गटानं तो कोड वाचून फक्त काय काय व्हायला हवं तेवढं लिहून काढायचं, आणि ज्यांनी तो कोड कधी डोळ्यांनी पाहिला नाही अशा दुसऱ्या गटानं त्यावरून नवा कोड लिहायचा. १९८४ मध्ये फिनिक्सनं असा बायोस कोणालाही विकायला काढला आणि तैवानच्या गल्लीबोळात पीसी तयार होऊ लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात भारत सरकारचं नवं संगणक धोरण आलं, सुट्या भागांची आयात सोपी झाली. आयबीएम स्वतः १९७८ मध्येच इथून निघून गेली होती. म्हणजे आपल्याकडे मूळ माणूस गावात नाही आणि त्याच्या नकला मात्र घरोघर, अशी अवस्था.

आता मुद्द्यावर येतो. नक्कल करणाऱ्याला मूळच्या चुकाही उतरवून घ्याव्या लागतात, कारण लोकांचे प्रोग्रॅम त्या चुकांवर टेकून उभे असतात. भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव. साच्यात खळगा असला की प्रत्येक भांड्यावर फुगवटा येतो, हे इथे कोणाला समजावायला नको. फरक एवढाच की भांड्याचा फुगवटा ठोकून काढता येतो. पीसीचा काढला, तर गिऱ्हाइकाचा प्रोग्रॅम चालत नाही.

पहिली खोड घड्याळाची. पहिल्या पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. असा वाकडा आकडा कोण निवडेल? इंटेलची चिप तर ५ मेगाहर्ट्झला चालत होती. पण आयबीएमला वाटलं, लोक हा पीसी घरच्या टीव्हीला जोडतील. अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचा रंगाचा सिग्नल ३.५८ मेगाहर्ट्झचा. मग त्याच्या चौपट, १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एकच क्रिस्टल घातला. त्याला ४ नं भागलं की टीव्हीचा रंग, ३ नं भागलं की प्रोसेसर, १२ नं भागलं की टायमर. एका क्रिस्टलात तीन कामं झाली, पैसे वाचले. टायमरला पुढे ६५,५३६ नं भागलं की सेकंदाला १८.२ ठोके येतात. डॉसचं घड्याळ त्याच ठोक्यांवर चालायचं.

आपल्याकडे दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झालं, ते पाल पद्धतीचं, ४.४३ मेगाहर्ट्झचं. म्हणजे भंडाऱ्यातल्या एकाही टीव्हीला त्या क्रिस्टलचा उपयोग नव्हता. तरी राइस मिलचा हिशेब करणाऱ्या प्रत्येक पीसीत अमेरिकन टीव्हीच्या रंगाचा ठोका पडतच होता. पुढे मशीन शंभरपट वेगवान झालं तरी १८.२ तसाच राहिला. टर्बो पास्कल भाषेतला प्रोग्रॅम सुरू होताच एका ठोक्यात, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजून ठेवायचा. पेंटियम-टूच्या काळात तो आकडा त्याच्यासाठी राखलेल्या जागेत मावेना, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये चांगले प्रोग्रॅम ‘रनटाइम एरर २००’ म्हणून बंद पडू लागले. पोरांनी लॅबवाल्याला दोष दिला. दोष त्या टीव्हीकडे जात होता.

टर्बो बटणही याच घराण्यातलं. जुने खेळ आणि काही प्रोग्रॅम ४.७७ च्या चालीवर वेळ मोजत. नकला ८, १०, १२ मेगाहर्ट्झच्या निघाल्या, तेव्हा त्यांना मूळच्या जवळपास मंद करणारं बटण द्यावं लागलं. नाव मात्र टर्बो! दाबा, की जलद. पुन्हा दाबा, की जुन्या चालीनं. शेजारी हिरव्या-लाल दिव्यांत ३३, ६६, १०० असे आकडे चमकत. गिऱ्हाईक त्या आकड्यावर भाळायचं. मंडळी, तो आकडा मशीन मोजत नव्हतं. दिव्यांच्या पट्टीमागे जम्पर, म्हणजे पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या, असत, आणि मेकॅनिक ते बसवून हवा तो आकडा लिहायचा. ६६ च्या मशीनवर ९९ दाखवणं हे दोन मिनिटांचं काम. किती दुकानांत ते झालं असेल, याचा हिशेब चित्रगुप्ताकडेच.

सगळ्यांत विलक्षण खोड मात्र मेमरीची आहे. ८०८८ ला पत्त्यांच्या वीस तारा होत्या. वीस तारांवर १ मेगाबाइटपर्यंतचे पत्ते बसतात. त्यापुढचा पत्ता दिला की तो गोल फिरून शून्यावर येतो. काही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी या गोल फिरण्याचाच फायदा घेतला. १९८४ मध्ये आयबीएमनं पीसी-एटी काढला. त्यातल्या ८०२८६ ला चोवीस तारा होत्या, आणि त्यात तो पत्ता फिरून शून्यावर न येता सरळ पुढे जायचा. जुने प्रोग्रॅम कोलमडले असते. मग एकविसाव्या तारेवर एक फाटक बसवलं. तारांची मोजणी शून्यापासून, म्हणून तिचं नाव ए-२०. ते फाटक उघडझाप करायला एक मोकळी पिन हवी होती. ती कुठे सापडली? कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपवर. झालं! मेमरीचं दार उघडायची किल्ली कीबोर्डच्या चिपकडे गेली. तैवानच्या नकलाकारांनी हे मुकाट्यानं उतरवून घेतलं, आणि इंटेलच्या प्रोसेसरांत त्या तारेची सोय या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत टिकली. मशीन सुरू करताना सहा बीप आले की जुना मेकॅनिक मेमरीला हात न लावता कीबोर्डची चिप दाबून पाहायचा. काहून, असं विचारलं तर त्याला सांगता येत नसे. पण इलाज बरोबर होता, कारण एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये सहा बीपांचा अर्थ ए-२० च्या फाटकाचा दोष असाच आहे.

त्याच बायोसचा आणखी एक संदेश या जिल्ह्यातल्या अनेकांनी वाचला असेल. हार्ड डिस्क सापडली नाही की पडद्यावर यायचं, ‘नो रॉम बेसिक, सिस्टिम हॉल्टेड’. आयबीएमच्या पीसीत डिस्क नसेल तर चिपमध्ये साठवलेली बेसिक भाषा सुरू होई, कारण सुरुवातीचं स्वस्त मॉडेल कॅसेटवर चालेल अशी कल्पना होती. नकलाकारांना ती भाषा वापरायचा परवाना नव्हता. त्यांनी भाषेकडे जाणारी वाट तेवढी ठेवली आणि वाटेच्या टोकाला हा फलक लावला. हार्ड डिस्कची केबल सैल आहे, एवढंच सांगायला मशीन १९८१ सालचं गाऱ्हाणं ऐकवत होतं.

तारांचं बोलतोय तर फ्लॉपीच्या केबलकडेही पाहा. ३४ तारांच्या त्या चपट्या पट्टीत मध्येच १० ते १६ या तारांना पीळ घातलेला असतो. नव्या माणसाला वाटतं, केबल खराब आहे. खरं म्हणजे दोन्ही ड्राइव्ह एकाच क्रमांकावर लावून कारखान्यातून यावेत, कोणी जम्पर बदलत बसू नये, म्हणून हा पीळ. पिळाआधीची बी, पिळानंतरची ए. जम्पर बदलणाऱ्या माणसाचा वेळ केबलनं वाचवला. मला तर पीसीतली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

आणि एटी मशीनच्या एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, दोन प्लगांची युक्ती सर्वांत वाईट. पी-८ आणि पी-९, दोन्ही सारखे दिसणारे, मदरबोर्डवर शेजारी-शेजारी बसणारे. उलटे बसले तर बोर्ड गेलाच. म्हणून सीताबर्डीपासून साकोलीपर्यंत प्रत्येक शिकाऊ पोराला पहिला मंत्र मिळायचा, ‘काळ्याला काळी लाव’. दोन्ही प्लगांच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत. ज्या यंत्राची सुरक्षितता मंत्रावर अवलंबून असते, त्याच्या रचनाकाराला मी माफ करत नाही. एटी कॅबिनेटचं पुढचं बटणही तसंच. आज आपण बटण दाबतो तेव्हा फक्त एक बारीक इशारा जातो; तेव्हा चार तारांच्या केबलमधून थेट २३० व्होल्ट कॅबिनेटच्या तोंडापर्यंत येत, ग्राहकाच्या बोटापासून एका प्लास्टिकच्या अंतरावर.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. हे मशीन फ्लोरिडात आखलेलं आणि तैपेईत बनलेलं. वैनगंगेच्या काठावर ते आलं तेव्हा त्याची गाठ तीन गोष्टींशी पडली: ऊन, धूळ आणि अर्थिंग.

ऊन पहिलं. एक्सटी या एटीच्या आधीच्या मॉडेलच्या जुन्या बोर्डावर ६४० केबी मेमरीसाठी ३६ चिपा असत, प्रत्येक आपल्या सॉकेटमध्ये. मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, डिसेंबरात पहाटे दहाच्या आसपास येतो, आणि मशीन रोज तापून रोज थंड होतं ते वेगळं. धातू फुगतो, आकसतो, आणि चिप सॉकेटमधून केसाकेसानं वर सरकते. एक दिवस मशीन उठत नाही. इलाज काय, तर कॅबिनेट उघडून छत्तीसही चिपा अंगठ्यानं दाबायच्या. करकर असा आवाज आला की समजायचं, सापडली. पुढे पट्टीवर बसवलेली सिम मेमरी आली तेव्हा अंगठ्याची जागा खोडरबरानं घेतली. रॅम काढा, पिवळ्या पट्ट्या घासा, परत लावा. लोक याला अडाणी उपाय म्हणत, पण त्यात रसायनशास्त्र आहे. सॉकेट कथलाचं आणि पट्टी सोन्याची असली की त्यांच्या सूक्ष्म घासण्यातून कथलाचा ऑक्साइड साठतो आणि वीज अडते. खोडरबर तो थर काढतं. आजार मात्र परत येतो, कारण दोन धातूंची सोयरीक तशीच राहते.

धुळीचं कारण पंख्यात आहे. एटी एसएमपीएसचा पंखा आतली हवा मागून बाहेर फेकतो. आत दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून शिरते. कॅबिनेटच्या तोंडावरची सर्वांत मोठी फट कोणती? फ्लॉपीची. म्हणजे राइस मिलच्या ऑफिसातला बारीक कोंडा थेट फ्लॉपी ड्राइव्हच्या हेडवरून जायचा. मोहाडी-तुमसरकडे मशीनं आतून भुसभुशीत व्हायची आणि फ्लॉपी आधी मरायची. १९९५ मध्ये एटीएक्स ही नवी रचना आली तेव्हा आखणी उलटी होती, पंख्यानं हवा आत प्रोसेसरवर फुंकायची. पण त्यात गरम हवाच प्रोसेसरवर जाऊ लागली, आणि पुढे पंखा पुन्हा बाहेर तोंड करून बसला.

अर्थिंगवर मात्र जरा थांबणार आहे, कारण मशीनला भूत लागलं आहे अशी तक्रार सर्वाधिक त्यामुळेच आली. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला जोडलेला, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला. मशीनमधली खरखर बाहेरच्या लाइनवर जाऊ नये म्हणून ते लावतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांची किरकोळ गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या बरोबर मध्ये लोंबकळतो, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा, म्हणून माणूस मरत नाही. पण सुरू मशीनला प्रिंटरची केबल लावली की तेच व्होल्ट पोर्टच्या चिपमधून वाट काढतात आणि प्रिंटर पोर्ट जातो. आपल्याकडे मीठ आणि कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा मार्च-एप्रिलपर्यंत सुकतो. उन्हाळ्यात प्रिंटर जास्त का बिघडतात, याचं उत्तर अंगणात असायचं. खड्ड्यात पाणी घाला, असं सांगितलं की कॉम्प्युटर क्लासचे मालक मेकॅनिककडे संशयानं बघत.

एसएमपीएसच्या पाठीवरचा लाल खटकाही विसरू नका, ११५ आणि २३० असे आकडे लिहिलेला. तो ११५ वर असताना आतलं सर्किट येणारं व्होल्टेज दुप्पट करतं. आपल्या लाइनवर तो चुकून तसा राहिला, तर दोनशे व्होल्टच्या कपॅसिटरवर प्रत्येकी सव्वातीनशे व्होल्ट येतात. पुढचा आवाज साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जातो.

आता अक्षरांबद्दल. या नकलांना देवनागरी कुठून आली, ही गोष्ट मला फार आवडते, आणि तिची सुरुवात थायलंडच्या माणसापासून होते. आयबीएमच्या काळ्या-हिरव्या पडद्यावर फक्त ठरलेली अक्षरं उमटत, चित्र नाही. व्हॅन सुवन्नुकुल या थाई विद्यार्थ्याला अमेरिकेत आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. त्यासाठी त्यानं १९८२ मध्ये ७२० बाय ३४८ ठिपक्यांचं कार्ड तयार केलं. तेच हर्क्युलिस कार्ड. तैवाननं त्याची भरमसाट नक्कल केली, आणि स्वस्त असेंबल्ड मशीनमध्ये कृष्णधवल मॉनिटरबरोबर तेच येऊ लागलं. म्हणजे आपल्या पोरांनी पडद्यावर जे पहिले आलेख काढले, त्यामागे एका लिपीची अडचण होती.

देवनागरीचं काम आयआयटी कानपूरला मोहन तांबे यांच्याकडे सुरू झालं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. तिथून आलेलं जिस्ट कार्ड पीसीच्या मोकळ्या खाचेत बसवलं की डीबेस, वर्डस्टारसारखे इंग्रजी प्रोग्रॅम मराठीत चालू लागत, प्रोग्रॅमला कळूसुद्धा न देता. पण मूळ साच्यातला खळगा इथेही आडवा आला. भारतीय लिप्यांसाठी ठरलेल्या इस्की संकेतात अक्षरं वरच्या १२८ जागांत बसवली होती, आणि त्याच जागांवर आयबीएमनं चौकटी काढायच्या आडव्या-उभ्या रेघा ठेवल्या होत्या. जिस्टवर टाइप केलेली मराठी फाइल साध्या मशीनवर उघडली तर पडद्यावर भलतीच चिन्हं दिसत. आठ बिटांत जागा दोनशे छप्पनच, आणि निम्म्या जागांवर आधीच कोणीतरी राहत होतं. म्हणून मराठी एका कार्डाच्या भरवशावर चाले. कार्ड काढलं की भाषा गेली. नंतर डीटीपीच्या दुकानांत फॉन्टच्या पॅकेजबरोबर प्रिंटर पोर्टला लावायची कुलपं आली. सुकलेल्या अर्थिंगमुळे पोर्ट गेला की लग्नपत्रिका अडायच्या, हा आपला खास स्थानिक प्रकार.

या खोडींचं कौतुक करावं का? काहींचं करावं, सगळ्यांचं नाही. पी-८ आणि पी-९ चं मुळीच नाही. पण एक सांगतो. त्या काळची ब्रँडेड मशीनं बिघडली की बोर्ड नागपूरला, तिथून मुंबईला जाई आणि ऑफिस आठवडाभर वहीवर चाले. असेंबल्डमध्ये प्रत्येक भाग सर्वांचा सारखा होता, आणि तो सारखा होता कारण नकलाकारांनी खोडीसुद्धा सोडल्या नव्हत्या. पिळाची केबल लाखनीतही तीच आणि लाखांदुरातही तीच. म्हणून बारावी नापास पोरगाही दुरुस्ती शिकू शकला. सुधारलेली, शहाणी, वेगळी आखणी करणाऱ्या कंपन्या होत्या. त्यांची मशीनं आज कोणाला दुरुस्त करता येत नाहीत. हा न्याय नाही, पण घडलं असं.

शेवटी एक विनंती. या जिल्ह्यातल्या शाळांच्या, सोसायट्यांच्या आणि मिलच्या कोठीघरांत अशी मशीनं अजून पडून आहेत. भंगारवाला किलोवर नेतो. एखादं तरी वाचवायचं असेल तर चालू करून पाहायचा मोह आवरा. आधी प्लग काढा, मग कॅबिनेट उघडा. कीबोर्डच्या खाचेजवळ निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली, पिंपासारखी बॅटरी दिसेल, ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम. ती बोर्डावर झाळलेली असते आणि वर्षानुवर्षं पाझरून आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा खाते. ती आजच कापून काढा आणि कचऱ्यात टाकू नका, कॅडमियम विषारी आहे. पाझर अल्कलीचा आहे, म्हणून पांढऱ्या व्हिनेगरचा बोळा फिरवा आणि नंतर स्पिरिटनं पुसा. लाल खटका २३० वर आहे का पाहा. चिपा दाबा. बॅटरी नसल्यामुळे मशीन १ जानेवारी १९८० ही तारीख दाखवेल, तिकडे लक्ष देऊ नका.

कोणी आज पिशवीत जुना बोर्ड घेऊन आलं असेल, तर खाली टेबलावर ठेवा. प्रश्न झाले की एकेक उघडून पाहू.